हाजी फिक्रीकडून आहेर

मी पिंजारी आहे. नाव गाबिर, पण गल्लीत सगळे उस्ताद म्हणतात. चाळीस वर्षं कापूस पिंजतोय, गाद्या आणि रजया भरतोय. कापसाच्या गोणीजवळ नुसतं उभं राहिलं तरी मला कळतं, ती कुठल्या भिंतीला टेकून होती आणि त्या भिंतीला किती पाणी होतं. तेव्हा इन्शिराहच्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ठाऊक होतं. गप्प बसलो. त्याचा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही. हाजी फिक्रीवरचा राग त्याच्या नंतर येतो. खरं सांगायचं तर नाही, आधी हाजीवरचाच येतो.

हाजी फिक्री आमचा घरमालक. अलेक्झांड्रियात, अनफूशी भागात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्याची चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर माझं दुकान, पहिल्या मजल्यावर इन्शिराह आणि तिची मुलगी रीहाम, आणि त्यांच्या डोक्यावर खुद्द हाजी, बायकोसकट. त्याचा धंदा नळांचा. नळ, पाइप, टाइल्स, कमोड. कोपऱ्यावर त्याचं चकचकीत दुकान आहे, आणि आत शिरताच समोर एक पांढराशुभ्र बाथटब ठेवलाय, ज्यात आजवर कुणी पाय घातलेला नाही. तसलाच एक टब त्याने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या न्हाणीघरात बसवून घेतला. त्याच हिवाळ्यात इन्शिराहच्या झोपायच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या वर, पहिला काळा ठिपका आला.

आता इन्शिराहबद्दल सांगतो. ही बाई बावीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या धोबीघरात आहे. रक्ताचा डाग कशाने जातो, आयोडीनचा कशाने, औषधाचा कशाने, हे तिला झोपेत विचारा. तिचे हात कोपरापर्यंत कायम लाल. नवरा बंदरात क्रेन चालवायचा, रीहाम सात वर्षांची असताना छातीच्या दुखण्याने गेला. त्याच वर्षी इन्शिराहने दोन टॉवेल विकत घेतले आणि कपाटात ठेवले. मी विचारलं, "कुणासाठी?" तर म्हणाली, "रीहामच्या रुखवताला." पोरगी तेव्हा माझ्या दुकानात कापसात लोळत होती, समोरचे दोन दात पडलेले.

त्यानंतर पंधरा वर्षं ते कपाट भरत गेलं. चादरी, उशांचे अभ्रे, मेजावर घालायचे रुमाल, दोन जाड ब्लँकेटं, चिनीमातीच्या बश्या. चादरींवरचं भरतकाम तिने स्वतः केलं, इस्पितळातून आल्यावर, त्याच लाल हातांनी. प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवी खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. एकदा बंद केलं की उघडायचं नाही. आमच्याकडे रुखवत लग्नाआधी उघडलं तर नजर लागते, असं सगळ्याच बायका मानतात. आणि दोन शरद ऋतूंपूर्वी मी स्वतः दमनहूरला जाऊन तिच्यासाठी कापूस निवडून आणला, लांब धाग्याचा, हातात घेतला तर घसरून जाईल असा. ती गोणीही त्याच कपाटात तळाला गेली. मी सांगितलं होतं, "भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा हो." कपाटात चार बोटं जागाच नव्हती.

पहिला ठिपका तिने ब्लीचने घासला. आठ दिवसांनी तो भावंडं घेऊन परत आला. तिने पुन्हा घासला, लिंबू-मीठ लावलं, व्हिनेगर लावलं. नोव्हेंबरातलं वादळ, ज्याला आम्ही झाडू म्हणतो, ते येऊन गेलं आणि अर्धी भिंत काळी झाली. गिलाव्याचे पोपडे निघाले. खोलीत कुबट वास बसला आणि रीहामला खोकला लागला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना तोंड फिरवून खोकायची, म्हणून मालकाने तिला मागे बसवलं. डॉक्टर म्हणाला, खोली बदला. जसं काही आमच्याकडे खोल्या ढिगाने पडल्या आहेत.

एक दिवस मी हाजीच्या दुकानात नळाचं वायसर घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात इन्शिराह आली, इस्पितळाच्या कपड्यांतच.

"हाजी, भिंतीला पाणी येतंय. बरोब्बर तुमच्या न्हाणीघराच्या खाली."

"पाणी नाही ते, रीहामच्या आई," हाजी जपमाळ ओढत म्हणाला. "ओल आहे. आपलं गाव समुद्रात पाय सोडून बसलंय, ओल यायचीच."

"समुद्र मी जन्मल्यापासून तिथेच आहे. भिंत काळी झाली ती तुम्ही टब बसवल्यापासून."

"टब इटालियन आहे."

"मग पाणी पण इटालियन असेल. एकदा खाली येऊन बघा तरी."

"बघायचं काय त्यात? तुम्ही दोघी त्याच खोलीत झोपता ना? रात्रभर श्वास घेता. तो श्वास जाणार कुठे? भिंतीवरच बसतो. शिवाय तुमच्याकडे मोलोखियाच्या भाजीवर झाकण ठेवत नाहीत, वास वरपर्यंत येतो. ती वाफ असते, वाफ."

"म्हणजे आम्ही श्वास घेऊ नये?"

"खिडकी उघडा म्हणतोय मी. श्वास अल्लाची देणगी आहे, त्याला मी कशाला नाही म्हणू?"

इन्शिराह माझ्याकडे वळली. "उस्ताद, तुमच्या दुकानाची मागची भिंत पण ओली आहे ना? सांगा की यांना."

होती ओली. वर्षभरापासून मी कापूस त्या भिंतीजवळ ठेवत नव्हतो. पण माझ्या दुकानाचा करार दर जानेवारीत हाजीच्या सहीने पुढे जातो, आणि तो डिसेंबर होता. मी म्हणालो, "थोडीफार... हिवाळ्यात सगळ्यांचीच असते."

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. ती निघून गेली. हाजीने मला वायसर दिलं, वर आणखी एक फुकट दिलं. मी घेतलं. आज त्या दुसऱ्या वायसरची आठवण आली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

श्वास! पंचवीस वर्षं नळ विकणारा माणूस एका बाईला तोंडावर सांगतो की तुझ्या श्वासाने माझी भिंत कुजली. आणि बाई तरी कोण, तर जिने नवऱ्याचा श्वास अडकताना पाहिलाय आणि आता पोरीचा ऐकतेय. मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात जानेवारीची सही होती.

पुढच्या वर्षी रीहामला स्थळ आलं. मुलगा चांगला, मुन्तसिर नावाचा, जहाजांवर वायरिंगचं काम करतो. त्याची आई दौलतबाई, सोन्याच्या बांगड्या आणि बारीक नजर. फातिहा वाचायला, म्हणजे लग्न ठरवायला, पाहुणे येणार म्हटल्यावर इन्शिराह माझ्या दुकानात येऊन कापसाच्या ढिगावर बसली.

"बायका नमाजाला आतल्या खोलीतच जातात, उस्ताद. दौलतबाईच्या कपाळासमोर ती भिंत येणार."

मी काय सुचवायला हवं होतं? हाजीच्या दाराशी ठाण मांडू, असं. मी सुचवलं रंगारी वनीसचं नाव.

आमच्या गावात हे सगळेच करतात. पाहुणे यायचे म्हटलं की ओल्या भिंतीला ऑइलपेंट फासायचा. डाग दिसत नाही, वास रंगाचा येतो, भिंत आरशासारखी चमकते. कुणाच्या घरात तीन भिंती फिक्या आणि एकच चमकती दिसली की आम्ही ओळखतो, आणि शहाण्यासारखे दुसरीकडे बघून चहाचं कौतुक करतो. कुणी कुणाला विचारत नाही. उद्या आपल्याकडे पाहुणे यायचे असतात.

वनीस मात्र कुरकुरला. "बाई, ओल्या भिंतीला ऑइलपेंट म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसावर चार रजया. बाहेरून झाकेल, आत शिजेल. पाण्याला या बाजूने वाट मिळाली नाही की ते दुसरीकडे घुसेल."

"मला एक दिवस हवाय, वनीस. एकच. पाहुणे येऊन जाऊ देत, पुढचं पुढे."

पिस्ता रंग लावला. दोन हात. दौलतबाई आली, त्या खोलीत नमाज पढली, बाहेर येऊन इन्शिराहने केलेला मासेभात दोनदा वाढून घेतला, फातिहा झाली. सगळे खूश. मीही खूश. भिंतीवर पुन्हा एकही ठिपका आला नाही. इन्शिराह मला म्हणायची, "बघा, गेली की नाही!" आणि मी मान डोलवायचो. पाणी कुठे गेलं असेल हा प्रश्न मला पडायला हवा होता, कारण पाणी कुठे जातं हे मला माझ्या धंद्यानेच शिकवलंय. कपाटाची मागची बाजू म्हणजे तीच भिंत. पण कपाट उघडलं तर पुढे साबणाच्या वड्यांचा वास, आणि खोकी तर बंदच. पंधरा वर्षांचं रुखवत कोण कशाला उघडून बघेल?

फातिहानंतर दोन वर्षांनी, मार्चची वादळं सरली आणि लग्नाची तारीख धरली. आता गादी भरायचा दिवस. शुक्रवारी सकाळी गल्लीत माझी लाकडी चौकी मांडली, भोवती चटया टाकल्या. आमच्याकडे गादी घरात गपचूप भरत नाहीत. कापूस नवरीच्या दारात, सगळ्यांदेखत पिंजायचा असतो, बायका डफ वाजवतात, गाणी म्हणतात, जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या देतात, शरबत फिरतं. मुलीच्या आईने मुलीला काय दिलं ते जगाने पाहावं, हाच त्याचा अर्थ. गुलाबी सॅटिन चौकीवर पसरलेलं. पहिल्या खुर्चीवर दौलतबाई. रीहामने केस मोकळे सोडले होते आणि ती खोकत खोकत हसत होती.

इन्शिराहने आणि मी गोणी खाली आणली. जिन्यातच माझे हात थांबले. कापसाची गोणी एवढी जड नसते.

"रीहामच्या आई," मी हळूच म्हणालो, "आज राहू दे. काहीतरी कारण सांगू. माझी पाठ धरलीय म्हणून सांगतो."

"काय झालं?"

"गोणी बरी वाटत नाहीये मला."

"लोक बसलेत, उस्ताद. वाजवायला सुरुवात झाली. चालवा पिंजण."

मी गोणी उघडली. वरचा थर पांढरा होता. तो पिंजला, बायकांनी आरोळी दिली. मग मी आत हात घातला आणि मधला कापूस काढला. तो निघाला ढेकळांत, राखाडी, मध्ये काळा. पिंजणाच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, जड लाकडी मोगरी पडली आणि काळी धूळ उडून गुलाबी सॅटिनवर बसली. वास असा सुटला की डफ आपोआप बंद झाला. दौलतबाईने ओढणी नाकाला लावली.

मागून कुणीतरी बाई बोलली, फार हळू नाही: "पोरीला जुन्या गादीचा कापूस घातला वाटतं."

दुसरी म्हणाली, "विधवा बाई, काय करणार बिचारी."

मी ओरडलो, "तोंड सांभाळा! हा कापूस मी आणलाय, नवाकोरा, दमनहूरचा!" पण माझ्या ओरडण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे इन्शिराहकडे बघत होते. ती गोणीत हात घालून उभी होती. मग हात बाहेर काढून तिने त्याचा वास घेतला. तिने वर पाहिलं, स्वतःच्या खिडकीकडे, आणि एकदम जिना चढायला लागली.

वरून खोकी फाडल्याचा आवाज आला. मग एकदा तिचा आवाज आला, तो शब्द नव्हता. मग ती खाली आली, दोन्ही हातांत खोकी, आणि ती चौकीवर ओतून परत वर गेली. असं चार वेळा. रीहाम तिच्या मागे धावत होती. "आई, नको! लोक बघतायत! आत घेऊ आपण, मी धुते सगळं!"

"बघू देत. पंधरा वर्षं झाकलं, दोन वर्षं रंगवलं. आता बघू देत."

मी चौकीपासून बाजूला झालो. ती माझ्या चौकीवर चढली. आमच्या लग्नांत आहेर पुकारणारा एक माणूस असतो, कुणाकडून काय आलं ते खड्या आवाजात गल्लीभर सांगणारा. तिने नेमका तो सूर लावला.

"आहेर आला हो, आहेर! बारा टॉवेल! पहिले दोन रीहामचा बाप गेला त्या वर्षीचे! त्यावरची काळी नक्षी हाजी फिक्रीकडून!" आणि टॉवेल उलगडून तिने हवेत धरला. घडीच्या प्रत्येक रेषेवर काळे डाग होते.

"सहा चादरी! भरतकाम आईचं, बुरशी हाजी फिक्रीची! दोन ब्लँकेटं! वास घ्या, घ्या, लाजू नका, हाजीने मोकळ्या हाताने दिलंय! मेजावरचे रुमाल, आठ! एक धड नाही!"

कुणी हसलं नाही. एकीने तोंडावर हात घेतला. ढीग संपेपर्यंत ती पुकारत राहिली, आवाज फाटला तरी.

"आणि हा शेवटचा, सगळ्यांत मोठा आहेर, आमच्या शेजाऱ्यांकडून! तीन वर्षं तोंड मिटून बसल्याचा! पहिलं नाव उस्ताद गाबिरचं!"

मला मान वर करता आली नाही. खोटं काय होतं त्यात?

नेमका तेव्हाच हाजी फिक्री मशिदीतून आला, खांद्यावर नमाजाची चटई.

"हा काय तमाशा? खाली उतरा, रीहामच्या आई. खिडक्या उघडल्या असत्या तर हे झालं नसतं, मी शंभरदा सांगितलं."

"वर चला, हाजी. खिडकी नाही, आज भिंत उघडते."

"माझ्या भिंतीला हात लावलात तर करार संपला, सांगून ठेवतो."

"माझी मुलगी चालली सासरी. आता कराराचं काय लोणचं घालू?" ती खाली उतरली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. "उस्ताद, मोगरी."

मी मोगरी दिली. तिच्या मागून मीही जिना चढलो, आणि आमच्या मागून अर्धी गल्ली. चपला काढायचंही कुणाला सुचलं नाही.

पिस्ता भिंत तशीच चमकत होती. इन्शिराहने एक घाव घातला. रंगाची साय फाटली आणि आतून तांबूस पाणी वाहिलं, तिच्या पायांवर. दुसऱ्या घावाला गिलावा परातभर कोसळला. भिंत आतून काळी, मऊ, बोट घातलं तर रुतेल अशी. तिसऱ्या, चौथ्या घावाला पाइप दिसला, वरच्या टबाकडून येणारा. त्याच्या सांध्याला वायसर नव्हतं. तिथे चिंधी गुंडाळली होती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

मग दारातून हाजीच्या बायकोचा आवाज आला, हमीदाबाईचा, अगदी साधा:

"अहो, हा तर तुमचा पायजमा. मी तीन वर्षं शोधतेय."

तो पायजमा आम्ही सगळेच ओळखत होतो. कित्येक वर्षं तो आमच्या डोक्यावर वाळत असायचा. मी खिशातून वायसर काढलं. योगायोग नाही, त्या डिसेंबरापासून ते दुसरं वायसर मी खिशातच वागवत होतो, टाकवत नव्हतं. ते हाजीच्या हातावर ठेवलं आणि म्हणालो, "तुमच्या दुकानातलं आहे, हाजी. फुकट मिळालं होतं मला. ओल माझ्या पण भिंतीला आहे, आणि मी श्वास घ्यायला तिथे झोपत नाही."

तीन वर्षं उशिरा बोललो. पण बोललो.

हाजीने माफी मागितली नाही. ती त्याच्या दुकानात मिळत नाही. प्लंबर काय करतात ते मी बघत बसू का, असं काहीतरी पुटपुटून तो वर गेला. पण अनफूशीची जीभ कुणाला सोडते? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं दुकानात शिरून विचारायला लागली, "हाजी, अर्ध्या इंचाची चिंधी आहे का? पट्ट्यांचीच द्या." पोरं त्याला हाजी पायजमा म्हणायला लागली. दहाव्या दिवशी टब खाली उतरला, टाइल्स फुटल्या, पाइप बदलला. सगळी गल्ली उभी राहून बघत होती, मीही.

रुखवताचं मात्र काय झालं ते ऐका. धोबीघरातल्या बायकांनी सुट्टीच्या दिवशी इस्पितळाच्या मोठ्या भांड्यांत सगळं उकळलं. बावीस वर्षं जगाचे डाग काढणाऱ्या बाईच्या चादरींवरचे डाग गेले नाहीत, फिके झाले फक्त. टॉवेल टाकून द्यावे लागले, ते पहिले दोनसुद्धा. इन्शिराह त्यासाठी रडली, बाकी कशासाठी नाही. चादरी तिने इस्त्री करून घडी घातल्या. "डाग राहू देत," म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगेन." मी नवा कापूस आणला आणि गादी भरून दिली. तिने आभार मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. त्या शुक्रवारी सगळा प्रकार झाल्यावर मला वाटलं होतं, दौलतबाई उठून लग्न मोडेल. तसं झालं नाही. दोन चादरी स्वतःच्या हातावर घेऊन म्हणाली, "माझ्या गच्चीवर ऊन चांगलं येतं, मी वाळवते," आणि खाली मान घालून गेली. मी म्हटलं, काय मोठ्या मनाची बाई!

आठवड्याने आम्ही रुखवत मांडायला मुन्तसिरच्या नव्या घरी गेलो. भाड्याचंच, सहाव्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र दिसतो. मी गादी घेऊन गेलो होतो, ठोकून बसवायला मोगरीही होती. दौलतबाई, मुन्तसिर, इन्शिराह, चार-पाच बायका, सगळे नवराबायकोच्या खोलीत शिरलो. तीन भिंती फिक्या निळ्या होत्या. पलंगाच्या डोक्याशी असलेली चौथी भिंत गुलाबी, आणि नुसती चमकत होती.

सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. मीसुद्धा. अंगवळणी पडलंय. एक बाई म्हणाली, "खिडकी किती छान आहे!"

रीहाम मात्र त्या भिंतीपाशी गेली. तिने तळवा टेकवला, मग अंगठा दाबला. रंग फुगून वर आला.

"तो रंग मुन्तसिरला आवडतो गं," दौलतबाई म्हणाली. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. "घरमालक म्हणत होता, थोडी ओल आहे. समुद्राचीच."

रीहाम खोकली. तिने आईकडे पाहिलं. इन्शिराहने हातातल्या चादरी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

"उस्ताद, गादी पण बाहेर न्या," रीहाम म्हणाली, "आणि मोगरी मला द्या."

मी दिली.

"अगं, पण घरमालक काय म्हणेल?" मुन्तसिर पुढे झाला.

"श्वास घेऊ नका म्हणेल," रीहाम म्हणाली आणि तिने पहिला घाव घातला.